फरीदी, झुंजार आणि आमचा वाचक

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या साहित्येतिहासात रहस्यकथेला बहुधा शेवटच्या पानावर जागा मिळते. समीक्षकांनी या पुस्तकांना हलके मानले, शिक्षकांनी ती जप्त केली आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ती ‘बिघडवणारी’ ठरवली. वाचकांनी मात्र ती मनापासून वाचली. या वाचकाचे मत काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही. आम्ही आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरचे. उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवणे हा आमचा पेशा. म्हणून हा प्रश्न आम्हाला केवळ मनोरंजनाचा वाटत नाही. आमच्या भाषेचा आणि आमच्या प्रतिमेचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम इतिहास पाहू. इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. त्यांचा जन्म १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावी झाला. उर्दूत फक्त कामुक कथाच खपतात, असे एका बैठकीत कोणीतरी म्हणाले. ते त्यांना पटले नाही आणि त्यातूनच त्यांची जासूसी कादंबरी जन्माला आली. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. ‘दिलेर मुजरिम’ हा तिचा पहिला अंक. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तके सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना छापली जात राहिली. १९५५ मध्ये इमरान या दुसऱ्या नायकाची मालिका सुरू झाली. दोन्ही मालिका मिळून त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या दोनशेच्या वर जाते. १९८० साली त्यांचे निधन झाले.

मराठीत हेच काम बाबुराव अर्णाळकरांनी त्यांच्याही आधीपासून चालवले होते. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार आणि विजया, काळापहाड ही नावे ठाऊक नसलेला त्या काळचा मराठी वाचक विरळाच. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून रोज नवे पुस्तक नेणारा गिरणी कामगार, शाळकरी मुलगा, दुपारची कामे उरकून वाचत बसणारी गृहिणी हा त्यांचा वर्ग होता. आमच्या भागातील तांबोळी, मुलाणी, आतार कुटुंबांत दोन्ही वाचले जात. उर्दू येणारा फरीदी वाचायचा, मराठी शाळेत गेलेला झुंजार वाचायचा. दोन्ही येणाऱ्याची तर चैनच असे.

या वाचकांचे मत कळण्याचे एक साधन इब्ने सफी यांनी स्वतःच ठेवले आहे. कादंबरीच्या सुरुवातीला ते ‘पेशरस’ नावाचे छोटे निवेदन लिहीत आणि त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. विनोद जास्त झाला म्हणून कोणी तक्रार करी, तर कोणी कमी पडला म्हणून. फरीदी आणि इमरान यांना एकत्र आणा, असा कित्येकांचा आग्रह होता. शेवटी ‘जमीन के बादल’मध्ये दोघे एकत्र आलेच. वाचकाला कधी चुचकारत, कधी चिमटा काढत लेखक त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोले. समीक्षकांनी ज्याला वाचक म्हणून मोजलेच नाही, त्याला लेखकाने सल्लामसलतीला घेतले होते.

१९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी गंभीर आजारी होते. ती संधी साधून मिळत्याजुळत्या नावांच्या नकली लेखकांनी बाजार भरून टाकला. पात्रे तीच, मारामाऱ्या त्याच. तरीही नक्कल वाचकाच्या गळी उतरली नाही. कारण संभाषण खोटे होते. या कादंबऱ्यांची पानेच्या पाने केवळ संवादांनी भरलेली असतात. फरीदीचे मोजके बोलणे, हमीदची थट्टा, कासिमची भोळसट बडबड, मूर्खपणाचे सोंग घेऊन समोरच्याला बोलते करणारा इमरान! कोण बोलतो आहे, हे नाव झाकले तरी कळते. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ आली तेव्हा खऱ्या लेखकाला वाचकांनी पुन्हा डोक्यावर घेतले. भारतात तिचे प्रकाशन माजी गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले.

संवादांचा आणखी एक फायदा शिक्षक म्हणून आम्हाला दिसतो. आमच्याकडे घरात ‘हमना-तुमना’ची दखनी, बाजारात मराठी आणि पुस्तकात शिस्त उर्दू, अशा तीन भाषांत मूल वाढते. धड्यातील जड उर्दू त्याला परकी वाटते. पण दोन माणसे एकमेकांशी बोलत आहेत, असे म्हटले की तीच उर्दू जिभेवर चढते. दखनी बोलणाऱ्या किती घरांत शिस्त उर्दू या ‘हलक्या’ पुस्तकांनी पोचवली, याची मोजदाद कोण करणार?

बोलीचा हाच प्रश्न मराठीत १९६५ साली वेगळ्या रीतीने उभा राहिला. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’मध्ये मुंबईच्या नाक्यावरची पोरे स्वतःच्या भाषेत बोलू लागली. आचार्य अत्र्यांनी त्या कादंबरीवर कडाडून हल्ला चढवला. आज तीच मराठीतील महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. उर्दूतही असेच घडले. शम्सुर्रहमान फारूकी यांच्यासारख्या थोर समीक्षकाने ‘जासूसी दुनिया’तील चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या आणि २०११ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. वाचकाचा कौल विद्वानांपर्यंत पोचायला निम्मे शतक लागले.

आता प्रतिमेचा प्रश्न. फरीदी आणि हमीद कायद्याच्या बाजूचे आहेत. त्यांच्यासमोर तस्करांच्या टोळ्या आहेत, ब्लॅकमेल करणारे प्रतिष्ठित शेठ आहेत, परदेशी गुन्हेगार आहेत. वाचकाच्या मनात कायद्याविषयी आदर निर्माण करणे हा आपला हेतू असल्याचे लेखक सांगत असे. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला, हमीद मात्र हमीदच राहिला. हिंदी वाचकाने विनोद-हमीद ही जोडी तितक्याच प्रेमाने स्वीकारली. नाव बदलले तरी इमान बदलले नाही.

ऐंशीच्या दशकातील मुंबईचे टोळीयुद्ध आणि १९९३ चे बाँबस्फोट यांनंतर चित्र पालटले. टोळीची कथा पुस्तकातून पडद्यावर गेली आणि तिथे गुंडाचे नाव, टोपी, सुरमा हे सारे बऱ्याचदा एकाच समाजाकडून उसने घेतले जाऊ लागले. अपवाद होतेच. १९९८ च्या ‘सत्या’तील गाजलेला गुंड भिकू म्हात्रे आहे. पण शब्द पाहा. आमच्या घरात ‘भाई’ म्हणजे थोरला भाऊ, मराठी घरात ‘दादा’ म्हणजेही थोरला भाऊ. गुन्हेगारीने दोन्ही घरांतून सारखीच चोरी केली. गुन्ह्याला धर्म नसतो, हे सांगायला याहून सोपा पुरावा कोणता?

आजचे आमचे विद्यार्थी मोबाईलवर ‘भाई’चे संवाद पाठ करतात. कर्नल फरीदी कोण, हे त्यांना सांगावे लागते. पूर्वीच्या मुलासमोर गुन्हेगार होता तसा गुन्हेगाराला पकडणारा, आपल्यासारखेच नाव असलेला माणूसही होता. आजच्या मुलाला पहिला रोज दिसतो, दुसरा क्वचितच. हे नुकसान भाषणांनी भरून निघणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. उर्दू शाळांच्या ग्रंथालयात इक्बाल आणि गालिब यांच्या शेजारी इब्ने सफी असावा, आणि त्याच कपाटात अर्णाळकरांचा झुंजारही असावा. आमची मुले दोन्ही भाषांची वारसदार आहेत. त्यांनी आधी आवडीने वाचावे. मग काय चांगले, काय वाईट, याचा कौल तीच देतील. मागच्या पिढ्यांच्या वाचकांनी तो चुकीचा दिला नव्हता.