चिमट्यानंतरचे चौदा दिवस

तास ० : भूल दिलेला उंदीर. डोळ्याच्या मागे एक-दोन मिलिमीटरवर बारीक चिमट्याने ऑप्टिक नर्व्ह काही सेकंद दाबून धरतात. आवरण शाबूत राहतं. आत मात्र गँग्लिऑन पेशींचे हजारो धागे चिरडले जातात. त्या पेशी दृष्टिपटलात धडधाकट आहेत. त्यांना अजून पत्ताच नाही.

तास १ : शेजारच्या अमॅक्राइन पेशींच्या टोकांशी मोकळं जस्त साचू लागतं. ते गँग्लिऑन पेशींत उतरायला दोन-तीन दिवस घेईल.

पुढचे काही तास : चिरडलेल्या धाग्याचा मेंदूकडचा तुकडा एनमॅनॅट-२ या प्रथिनावर जगतो. ते बनतं पेशीत, टिकतं जेमतेम काही तास. रसद तुटली की सार्म-१ हे एन्झाइम जागं होतं आणि धाग्यातलं, ऊर्जेसाठी लागणारं एनएडी फस्त करून टाकतं. हा तुकडा गेलाच म्हणायचा.

तास २४ : खरा घोळ इथे. जखमेची वर्दी धाग्यातून उलट्या दिशेने पेशीत पोहोचली आहे. वर्दी देणारं प्रथिन डीएलके. ते जेएनके या एन्झाइमला चेतवतं, जेएनके सी-जून या जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि केंद्रकात जनुकांची सगळी घडीच बदलते. डीएलके काढून टाकलेल्या उंदरांत कितीतरी जास्त पेशी वाचतात. म्हणजे मारेकरी सापडला? थांबा जरा.

दिवस ३ : पेशी अजून बहुतेक सगळ्या जिवंत. काही करायचं तर आत्ताच.

दिवस ५ ते ७ : बॅक्स हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतं, पेशीला आतून मोडणारी कॅस्पेज एन्झाइमं सुटतात. झपाट्याने पडझड.

दिवस १४ : सुमारे ८० टक्के पेशी संपल्या. उरलेल्यांचे धागे चिरडल्या जागेपाशीच खुंटलेले.

याच चौदाव्या दिवशी केव्हिन पार्क आणि सहकाऱ्यांना २००८मध्ये वेगळं चित्र दिसलं होतं. पीटेन हे वाढीला लगाम घालणारं प्रथिन त्यांनी आधीच हटवलं होतं. पेशी जास्त वाचल्या आणि धागे जखम ओलांडून पुढे गेले. मग २०१३मध्ये ट्रेंट वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी पीटेनसोबत डीएलकेही काढून पाहिलं. पेशी वाचल्या, पण धागे वाढेनात. मरणाची वर्दी देणारं प्रथिनच वाढीचा हुकूमही देत होतं. त्यामुळे डीएलके रोखणारं औषध नुसतं देऊन भागणार नाही; पेशी वाचवल्यावर त्याची पकड कितव्या दिवशी सोडायची, हेही ठरवावं लागेल.