गिरणीचा तलाव आणि कॉम्प्युटरचा रेडिएटर

आजच्या भागाचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की लॅमिंग्टन रोडवरचं दुकान? तर प्रश्न असा आहे: लिक्विड कूलिंगवाला डेस्कटॉप जुळवायचा असेल, तर कॅबिनेट कोणतं घ्यायचं आणि फॅन किती नि कसे लावायचे? हा प्रश्न ज्या मुंबईत विचारला जातोय, त्याच मुंबईने तो दीडशे वर्षांपूर्वी सोडवला होता. फरक एवढाच, की तेव्हाचं यंत्र टेबलावर मावत नव्हतं. त्याला एक अख्खा तलाव लागायचा.

चला, काळाचौकीपासून सुरुवात करू.

पाण्यावर चालणारी वाफ

काळाचौकीत इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ चं आवार आहे. महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी जी जागा निवडली, ती हीच. या आवारात एक तलाव आहे. नवीन माणसाला वाटतं, शोभेचा असेल, नाहीतर आग लागली तर पाणी हवं म्हणून असेल. पण कापड गिरण्यांच्या आवारात असे तलाव असायचे ते मुख्यतः वाफेच्या इंजिनासाठी.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढची साठेक वर्षं या शहरातल्या गिरण्या वाफेवर चालल्या. बॉयलरमध्ये कोळसा, इंजिनात वाफ, आणि तिथून दोरांनी किंवा पट्ट्यांनी सगळ्या खात्यांना गती. हे आपल्याला माहीत असतं, कारण चिमण्या दिसतात. लोअर परळला फिनिक्सची चिमणी आजही उभी आहे. पण चिमणीतून जाते ती निम्मी गोष्ट. काम करून झालेल्या वाफेचं काय करायचं, ही उरलेली निम्मी.

ती वाफ तशीच हवेत सोडली तर इंजिनाची ताकद वाया जाते. म्हणून तिला कंडेन्सरमध्ये नेऊन थंड पाण्याने पुन्हा पाणी करायचं. ही जेम्स वॉटची कल्पना, १७६५ सालची. वाफेचं पाणी झालं की तिथे पोकळी तयार होते आणि इंजिनाला जास्तीची ओढ मिळते. आता हिशेब बघा. एक किलो वाफ थंड करून तिचं पाणी करायचं असेल, तर साधारण २५ ते ३० किलो थंड पाणी लागतं, आणि ते पाणी जवळजवळ २० अंशांनी तापतं. हे दिवसभर चालू. विहारचं पाणी शहरात आलं १८६० मध्ये, तेही लांबून आणि माणसांना प्यायला. एवढं पाणी एकदा वापरून गटारात सोडणं कुणाला परवडेल? म्हणून तेच पाणी तलावात सोडायचं, तिथे निवू द्यायचं आणि पुन्हा ओढायचं.

आता लिक्विड कूलिंगवाल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडा. प्रोसेसरवर एक तांब्याची चकती बसवलेली असते, तो कंडेन्सर. छोटा पंप पाणी फिरवतो, दोन नळ्या ते नेतात-आणतात. आणि एका बाजूला पातळ पत्र्यांची जाळी असलेला रेडिएटर असतो. तो आपला तलाव.

या दोन्हीतला धडा एकच, आणि आजच्या भागात मला तेवढाच सांगायचाय. पाणी उष्णता वाहून नेतं, संपवत नाही. शेवटी ती हवेतच सोडावी लागते. तलाव लहान असेल तर पाणी गरमच राहणार, मग इंजिन कितीही भारी असो. तसंच कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल, तर कितीही महागडं कूलर लावा, पाणी गरमच फिरणार.

हवा कुणासाठी?

पण गिरणगावातल्या हवेची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. सूत कोरड्या हवेत तुटतं. मुंबईची दमट हवा सूतकताईला मानवली, हे या शहरात गिरण्या वाढण्याचं एक कारण सांगतात. तरीही विणाईच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, तेवढी ओल पुरत नसे. मग आत मुद्दाम वाफ सोडायची, पाण्याचे बारीक फवारे मारायचे. मे महिन्यात बाहेर ३३-३४ अंश, आत शेकडो साच्यांची घरघर, यंत्रांची उष्णता, आणि त्यात वरून वाफ. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण ओल निघून जाईल.

माणसाचं शरीर घामाने थंड होतं, आणि घाम वाळायला कोरडी हवा लागते. म्हणजे सुताला जी हवा हवी, नेमकी तीच कामगाराला नको. ही तक्रार इतकी खरी होती, की १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम ओलाव्यावर स्वतंत्र कलम होतं, कलम १५. ओलाव्यासाठी वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या इतर स्रोतातलं असावं, नाहीतर ते नीट शुद्ध करून घ्यावं, असंही त्यात म्हटलं होतं. म्हणजे असा नियम नसताना कसलं पाणी श्वासातून आत जात असेल, याचा अंदाज करा.

खोपोलीहून टाटांची वीज १९१५ मध्ये मुंबईत आली, आणि हळूहळू गिरण्यांची वाफेची इंजिनं थांबत गेली. तलावांचं मुख्य काम संपलं. साचेखात्यातली ओल मात्र राहिली. ती राहिली थेट १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंत, आणि ज्या गिरण्या त्यातून तगल्या त्यांच्यात त्यानंतरही.

कुलाब्यातलं लोखंडी कपाट

गिरण्या अजून जोरात चालू होत्या, तेव्हाच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, वेगळ्या जातीचं एक यंत्र तयार होत होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने भारतातला एक पहिलावहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बांधला. तो १९६० मध्ये पूर्ण चालू झाला, आणि १९६२ मध्ये त्याला नाव मिळालं टिफ्रॅक.

याचं 'कॅबिनेट' ऐका. लोखंडी सांगाडा, १८ फूट लांब, अडीच फूट खोल, ८ फूट उंच. चार-चार फुटांचे भाग जोडून केलेला, आणि आतल्या जोडण्यांपर्यंत हात पोचावा म्हणून दोन्ही बाजूंना दारं. आत सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब. प्रत्येक ट्यूबमध्ये एक तापती तार, म्हणजे बल्बची सख्खी बहीणच. एका ट्यूबला नुसते पाच वॉट धरले, तरी साडेतेरा किलोवॉट होतात. हा माझा ढोबळ हिशेब, पण घरातल्या तेरा-चौदा इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखंच हे झालं.

पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. मुंबईतल्या एस्सो कंपनीत तर आयबीएमचा १४०१ त्याआधीच, १९६१ मध्ये बसला होता. या काळात 'कॉम्प्युटर रूम' नावाचा प्रकार रुजला. सगळी खोली थंड, काचेची दारं, आत धूळ नको. पुढे बँकांमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा चपला बाहेर काढून आत जायची पद्धत होती, ती अनेकांना आठवत असेल. बाहेर कारकून पंख्याखाली घामाघूम आणि आत यंत्र एसीत. साचेखात्याची आठवण येते ना? इथेही हवा यंत्राच्याच सोयीची. फक्त या वेळी आत जो जाईल त्याचीही चंगळ व्हायची.

खोली लहान होत गेली

१९८१ चा आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर पंखा नव्हता. वीजपुरवठ्याच्या डब्यातला, आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यातला पंखा, तेवढाच. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा काढला. बोर्ड कुठे, एसएमपीएस कुठे, वायरी कुठून, हे ठरलं. आजची बहुतेक कॅबिनेटं त्याचीच नातवंडं आहेत. त्याच सुमारास गिरगावला लागून असलेला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांच्या बाजारातून कॉम्प्युटरच्या बाजारात बदलत होता. सुटे भाग घ्यायचे आणि घरी जुळवायचे, ही मुंबईची सवय तिथली.

आणि उष्णता? ती वाढतच गेली. २०२२ चा इंटेलचा आय-नाइन १३९००के जोरात चालला की २५३ वॉटपर्यंत जातो. त्याच वर्षीचं सगळ्यात वरचं ग्राफिक्स कार्ड ४५० वॉटचं. म्हणजे टिफ्रॅकच्या १८ फुटी कपाटातली उष्णता नाही, पण एका इस्त्रीएवढी उष्णता आता गुडघ्याएवढ्या डब्यात. म्हणून पाणी पुन्हा आलं. मोठ्या यंत्रांमध्येही आलं. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर थेट चिपपाशी द्रव नेऊनच थंड केला जातो.

तर मग घ्यायचं काय?

आता तुमच्या प्रश्नाकडे. क्रम असा ठेवा: आधी हवा, मग कॅबिनेट, मग फॅन, आणि पाण्याचं कूलर सगळ्यात शेवटी.

समजा खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना तुमची मशीन ६०० वॉट खाते. कॅबिनेटमधली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त १० अंश जास्त राहावी असं वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे ११० घनफूट हवा आरपार जायला हवी. १२० मिलिमीटरच्या फॅनच्या खोक्यावर ६० घनफूट लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. पुढे जाळी आणि रेडिएटरची पत्री आली की निम्मं धरा. म्हणजे हवा आत घेणारे तीन-चार फॅन तरी हवेत. रेडिएटरवर लावायचे फॅन दाब देणारे घ्या, म्हणजे ज्यांवर स्टॅटिक प्रेशर जास्त लिहिलंय ते. नुसती हवा हलवायची तिथे साधे चालतील.

कॅबिनेट घेताना पुढची बाजू बघा. पूर्ण काच असेल तर ते छान दिसतं, पण ती बंद खिडक्यांची साचेखात्याची खोली आहे. जाळीचं तोंड घ्या. मुंबईत धूळ आणि बांधकामाची पांढरी भुकटी भरपूर, म्हणून फिल्टर सहज निघणारे, धुता येणारे हवेत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. ३६० चा रेडिएटर मावतो म्हणून लिहिलं असेल तरी फॅनची जाडी आणि रॅमची उंची मोजून घ्या. पंप हा पाण्याच्या वाटेतला सगळ्यात उंच भाग होऊ देऊ नका, नाहीतर हवेचे बुडबुडे त्यातच साठतात.

'मुंबईच्या दमटपणामुळे रेडिएटरवर दव धरेल का?' नाही. रेडिएटरमधलं पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं, आणि दव धरतं ते थंड वस्तूवर. बर्फाचं पाणी घालायचे प्रयोग मात्र करू नका. तिथे पावसाळ्यात बोर्डावरच थेंब येतील. आणि गिरणीचा तलाव काही अंशी बाष्पीभवनाने निवायचा, म्हणून दमट हवेत तो सुस्तावणार. बंद रेडिएटरला दमटपणाची पर्वा नाही. त्याला फक्त खोलीचं तापमान कळतं. खोली ३२ अंशांवर असेल तर पाणी ३२ च्या खाली जाणार नाही, कितीही पैसे ओता.

म्हणूनच खोलीकडे बघा. लालबाग-परळमधली दहा बाय दहाची खोली घ्या, दहा फूट उंच. त्यात साधारण ३३ किलो हवा असते. दार-खिडक्या बंद आणि भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर ६०० वॉट त्या हवेला दर मिनिटाला एक अंशाने तापवतात. प्रत्यक्षात भिंती बरंच शोषतात, पण दिशा तीच. त्याच खोलीत कुणी अभ्यास करतंय, आजी झोपलीये. मशीन थंड राहिली म्हणजे उष्णता गेली नाही, ती आजीकडे गेली.

मला या इतिहासातून दिसतं ते हेच. गिरणीने सुतासाठी हवा बनवली आणि कामगाराला त्यात उभं केलं. आपल्या घरात मालकही आपण आणि कामगारही आपणच. तेव्हा कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, बंद टेबलाच्या कप्प्यात नको. त्याचं मागचं तोंड शक्यतो खिडकीकडे करा. गरज नसेल तर मशीनची वीजमर्यादा थोडी कमी करा. वेगात फरक थोडाच पडतो, उष्णतेत बराच. आणि जेवढे पैसे पाण्याच्या कूलरवर घालणार होतात, त्यातले थोडे खिडकीच्या एक्झॉस्ट फॅनवर घाला.

आणि काळाचौकीला जाणं झालं, तर त्या तलावाकडे एकदा रेडिएटर म्हणून बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.