प्लास्टिकच्या नावातलं लोणी

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीची साखर एकाएकी फार वाढली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्ततपासणीच्या कागदावर एक लांबलचक नाव होतं: बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ‘‘पेशींना साखर वापरता येईनाशी झाली की शरीर चरबी जाळायला लागतं, तेव्हा हे आम्ल रक्तात साठतं.’’ आठवड्याने मावशी घरी आली आणि ते नाव मी विसरूनही गेलो. महिन्याभराने जिवाणूंनी बनवलेल्या प्लास्टिकविषयी वाचत होतो, तर तेच नाव पुन्हा समोर. पुढे फक्त ‘पॉलि’ लागलेलं: पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी.

‘पॉलि’ म्हणजे अनेक. मावशीच्या रक्तात ज्या आम्लाचे मणी सुटे फिरत होते, तेच मणी जिवाणू हजारोंच्या संख्येने एका माळेत ओवतो. ती माळ म्हणजे प्लास्टिक. तापवलं की वितळतं, साच्यात घातलं की आकार धरतं, आणि मातीत पुरलं की मातीतले दुसरे जिवाणू ते खाऊन टाकतात. माणसाच्या आजारपणातलं आम्ल आणि बाटली होऊ शकणारा पदार्थ एकाच मण्याचे कसे? मी नावाचं एकेक अक्षर उकलायला बसलो, आणि मधल्या ‘ब्युटिर’पाशी थांबलो. ब्युटिर म्हणजे लोणी.

हे बारसं फ्रान्समध्ये झालं. मिशेल शेव्हरल हा रसायनज्ञ 1811पासून चरबी, तेलं आणि साबण यांच्या मागे लागला होता. लोणी खवट झालं की जो नाकाला झोंबणारा वास येतो, तो ज्या आम्लाचा, ते त्याने लोण्यातून वेगळं काढलं आणि त्याला लोण्याच्याच लॅटिन नावावरून, ‘ब्युटिरुम’वरून, ब्युटिरिक आम्ल म्हटलं. 1823च्या त्याच्या ग्रंथात या सगळ्या कामाची मांडणी आहे. लॅटिन ‘ब्युटिरुम’ आला ग्रीक ‘बूत्युरोन’वरून. इथवर कुणाचं दुमत नाही. वाद पुढे आहे.

बहुतेक कोश सांगतात की ‘बूस’ म्हणजे गाय आणि ‘त्युरोस’ म्हणजे चीज. म्हणून बूत्युरोन म्हणजे ‘गाईचं चीज’. फोड अगदी सरळ दिसते. दोन्ही शब्द ग्रीकमध्ये पक्के रुजलेले. त्यातल्या ‘त्युरोस’वरून पुढे 1846मध्ये लीबिगने चीजच्या प्रथिनातून काढलेल्या अमिनो आम्लाला टायरोसिन नाव दिलं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही हेच सांगतो: लोणी मुख्यतः गाईच्या दुधाचं, म्हणून त्याचं हे नाव. पण त्याच वाक्यात तो असंही लिहितो की लोणी हे परक्या, रानटी लोकांचं उंची खाणं. माझी शंका इथे सुरू होते. ग्रीक आणि रोमन स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलावर चालायचा. लोणी त्यांच्याकडे असायचं ते मलम म्हणून, औषध म्हणून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला विनोदी नाटककार अनाक्सांद्रिदेस थ्रेसच्या लोकांना ‘लोणीखाऊ’ म्हणून चिडवतो. जो पदार्थ शेजाऱ्याचा आणि चिडवण्याजोगा, त्याला आपण घरचं नाव पाडतो की शेजाऱ्याचंच नाव तोडकंमोडकं उचलतो?

आता दुसरा साक्षीदार. हिप्पोक्रातेसच्या नावावर जमा असलेल्या वैद्यकीय लेखनात सिथियन लोकांचं वर्णन येतं. हे काळ्या समुद्राच्या उत्तरेचे घोडेस्वार. ते घोडीचं दूध लाकडी भांड्यात घालून घुसळतात, हलकी चरबी वर येते, आणि तिला ‘ते’ बूत्युरोन म्हणतात, असं तो लेखक सांगतो. हेरोडोटसनेही सिथियनांचं हेच घुसळणं वर्णिलं आहे. वर येणारा भाग ते अधिक मोलाचा मानतात, असं तो नोंदवतो, मात्र नाव सांगत नाही. म्हणजे ज्या जुन्या वर्णनात हा शब्द भेटतो, तिथे गाय कुठेच नाही. घोडीच्या दुधाचं लोणी, आणि नाव ‘गाईचं चीज’? म्हणून मला दुसरा तर्क पटतो: शब्द मूळचा सिथियन, आणि ग्रीक कानाने त्यात आपली गाय आणि आपलं चीज ऐकलं.

कान असा फसतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपलं ‘लोणी’ आणि ‘लोणचं’ घ्या. दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, एकाच फडताळात राहतात. पण लोणी आलं ‘नवनीता’वरून, म्हणजे नुकतंच काढलेलं, आणि लोणचं आलं ‘लवणा’वरून, म्हणजे मिठावरून. शब्द झिजता झिजता एकमेकांसारखे झाले. उद्या कुणी लोण्याची व्युत्पत्ती ‘खारवलेलं’ अशी लावली तर ती कानाला गोड लागेल आणि साफ चुकीची असेल. दुसरं उदाहरण तुपाचं. कानडीत तुपाला ‘तुप्प’ म्हणतात. दुधातुपाचे शब्द गुरांबरोबर सीमा ओलांडतात, तिथे ‘आमचाच’ असं ठासून म्हणण्यात अर्थ नसतो.

उलट बाजूचा एक मुद्दा मात्र मी मानतो. ‘ते म्हणतात’ एवढ्यावरून शब्द सिथियनच ठरतो असं नाही. ग्रीकांनी त्यांच्या शब्दाचं शब्दशः भाषांतर केलेलं असू शकतं. तसं असेल तर शब्द ग्रीक, पण कल्पना शेजाऱ्याची. दोन्ही वाटांनी गेलं तरी गवताळ प्रदेशातल्या घुसळणीशीच आपण पोहोचतो. म्हणून माझा निकाल असा: प्लास्टिकच्या या नावाचं मूळ काळ्या समुद्रापलीकडच्या लाकडी भांड्यात आहे.

रसायनशास्त्राचा अभ्यासक इथे मला अडवेल, आणि त्याचं म्हणणं वजनदार आहे. तो म्हणेल, ब्युटिरिक आम्लात चार कार्बन असतात. त्यामुळे ‘ब्युट’ हे पुढे ‘चार कार्बन’ याचं नुसतं चिन्ह झालं. ब्युटेन म्हणजे चार कार्बनचा वायू. त्यात कुठलं आलं लोणी? खरं आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. ‘ब्युटेन’मध्ये लोणी आहे आणि ‘प्रोपेन’मध्येही चरबी आहे, कारण ते नाव प्रोपिऑनिक आम्लावरून आलं आणि प्रोपिऑनिक म्हणजे ग्रीकमध्ये ‘पहिली चरबी’. ते नाव फ्रेंच रसायनज्ञ द्यूमाने 1847मध्ये दिलं. तरी गॅसमध्ये ना लोणी, ना चरबी. मग पीएचबीतलं लोणीही असंच नावापुरतं असेल, असं तो म्हणणार.

सिलिंडरच्या बाबतीत मी हार मानतो. पीएचबीच्या बाबतीत नाही. इथे नावाने नकळत खरी गोष्ट धरून ठेवली आहे.

1884 साली दोन घटना घडल्या. क्योनिग्जबर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्कीने मधुमेही रुग्णांच्या लघवीतलं आम्ल ओळखलं: बीटा-ऑक्सिब्युटिरिक, म्हणजे आजचं हायड्रॉक्सीब्युटिरिक. मारबुर्गच्या क्युल्झनेही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे. आणि त्याच वर्षी आंतोन द बारीने एका धिप्पाड जिवाणूचं वर्णन करून त्याला नाव दिलं बॅसिलस मेगाटेरियम. काही वर्गीकरणकार अलीकडे त्याला प्रिस्टिया मेगाटेरियम म्हणतात. एका शोधाला दुसऱ्याची वार्ता नव्हती. त्यांची गाठ पडायला चाळीस वर्षं लागली.

ती गाठ मॉरिस लमॉइन्यने मारली. लीलच्या पाश्चर संस्थेत 1920च्या दशकात तो याच मेगाटेरियमवर काम करत होता. जिवाणू धुऊन, अन्न न देता नुसत्या पाण्यात ठेवले की पाणी आंबट व्हायचं. ते आम्ल त्याने तपासलं, तर मधुमेहींच्या लघवीतलंच निघालं. मिंकोव्स्कीला ते सापडलं साखर असून उपाशी राहिलेल्या शरीरात. लमॉइन्यला सापडलं उपाशी ठेवलेल्या जिवाणूत. उपाशी जिवाणूने हे आम्ल आणलं कुठून? पेशीतल्या चकचकीत कणांतून. 1926-27च्या लेखांत त्याने दाखवलं की ते कण म्हणजे या आम्लाचीच लांब माळ.

हे कण सूक्ष्मदर्शकात आधीपासून दिसत होते. सुदान नावाचा रंग चरबीला धरतो, तो त्यांनाही धरतो. त्यामुळे त्यांना चरबीचे थेंब समजणं अगदी साहजिक होतं. चरबी ईथरमध्ये विरघळते; हे कण विरघळत नाहीत, ते क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात, आणि क्लोरोफॉर्म उडून गेला की मागे पातळ पापुद्रा उरतो. प्लास्टिक चरबीचा वेष घेऊन बसलं होतं, आणि कामही चरबीचंच करत होतं.

खाणं भरपूर आणि नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी, अशा वेळी जिवाणू वाढू शकत नाही. हाताशी साखर असते, पण नवी पेशी बांधायला बाकीचं सामान नसतं. तेव्हा तो जादा कार्बनची बेगमी करतो. दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडून चार कार्बनचा मणी करायचा आणि माळेत ओवायचा. पेशीच्या कोरड्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत पीएचबी साठवणारे जिवाणू आहेत. 1958मध्ये एडिंबरामध्ये मॅक्रे आणि विल्किन्सन यांनी मेगाटेरियमच्या या बेगमीचा हिशेब प्रयोगाने मांडला: नायट्रोजनच्या मानाने साखर वाढवली की साठा वाढतो, अन्न तोडलं की साठा उतरतो.

माणूस बेगमी चरबीची करतो आणि ती मोडताना हाच चार कार्बनचा मणी रक्तात सोडतो, म्हणजे मेंदूला आणि स्नायूंना जळण मिळतं. कडकडीत उपवास लांबला तरी निरोगी माणसातही तो वाढतो. मण्याची घडण उजवी किंवा डावी अशी दोन प्रकारची असू शकते. आपल्या यकृतात होणारा मणी आणि जिवाणूच्या माळेतला मणी, दोघांचीही घडण एकाच बाजूची. म्हणून मी म्हणतो, ब्युटेनमध्ये लोणी फक्त नावात आहे. पीएचबीत ते धर्मातही आहे. हे जिवाणूचं लोणीच: सुगीत काढून ठेवलेलं, तंगीत वापरायचं.

पुढचा औद्योगिक इतिहास चटकन सांगण्यासारखा आहे. लमॉइन्यचं काम तीसेक वर्षं पडून राहिलं. खनिज तेल स्वस्त होतं आणि जिवाणूशास्त्रज्ञ व प्लास्टिकवाले एकमेकांचं वाचत नव्हते. 1960च्या सुमारास अमेरिकेत डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने प्रयत्न करून सोडून दिला. 1973च्या तेलटंचाईनंतर ब्रिटनच्या आयसीआयने तो हाती घेतला. नुसतं पीएचबी ठिसूळ होतं, म्हणून त्यांनी जिवाणूला साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्ल चारलं, म्हणजे लोण्याला ‘पहिल्या चरबी’ची जोड दिली, आणि लवचीक ‘बायोपॉल’ मिळालं. 1990मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूच्या बाटल्या त्याच्या झाल्या. पण किंमत साध्या प्लास्टिकच्या अनेक पट राहिली आणि बायोपॉल एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं जात राहिलं.

मला त्यातला ब्राझीलचा प्रयोग आपल्या जवळचा वाटतो. साओ पाउलो राज्यातल्या सेराना इथे 1990च्या दशकात साखर कारखान्याला जोडूनच पीएचबीचा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. जिवाणूला साखर उसाची, वाफ आणि वीज चिपाडाची, आणि पेशीतून प्लास्टिक काढायला द्रावकही त्याच आवारातल्या मद्यार्क प्रकल्पाच्या उपउत्पादनाचा. ही सगळी सामग्री पश्चिम महाराष्ट्रात कित्येक कारखान्यांच्या आवारात आहे. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने 2024मध्ये जैवपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, ते मात्र पॉलिलॅक्टिक आम्लाचं, म्हणजे पीएलएचं. लॅक्टिक आम्ल दह्यातलं. शीलेने ते 1780मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळं केलं. पीएलए दह्याच्या घराण्यातलं, पीएचबी लोण्याच्या.

दोन्ही घराणी दुधाचीच असली तरी चाल वेगळी आहे. पीएलएमध्ये जिवाणू फक्त आम्ल बनवतो, माळ माणूस कारखान्यात ओवतो. आणि ती नीट कुजायला साधारण 58 अंश सेल्सिअसचं औद्योगिक खतकेंद्र लागतं. पीएचबीची माळ जिवाणूने स्वतः ओवलेली, म्हणून ती उसवण्याची विकरंही निसर्गात आधीपासून आहेत, मातीत आणि समुद्रातही. तिसरं एक प्लास्टिक उसापासून होतं पण कुजतच नाही, कारण ते रेणूने साधं पॉलिथिनच असतं. या तिन्हींवर ‘बायो’ हा एकच शिक्का मारतात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. पिशवीवर नुसतं ‘बायो’ दिसलं तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: हे कशापासून केलं, आणि हे कुठे कुजतं? दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर घरची कापडी पिशवी बरी.