चक्रीवादळातील निवारा आणि विकासात्मक विकलांगता असलेल्या व्यक्ती (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरिकेन या चक्रीवादळाच्या काळात विकासात्मक विकलांगता असलेल्या व्यक्तींना सुरक्षित ठिकाणी हलवणे, निवारा केंद्रात त्यांच्या गरजेनुसार सोय करणे आणि वादळ ओसरल्यावर त्यांना पूर्वीच्या घरी परत नेणे, हा आपत्ती व्यवस्थापनाचा एक स्वतंत्र विषय मानला जातो. इ.स. २००५ च्या हरिकेन कतरिनानंतर या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. अशा व्यक्तींसाठी वेगळी केंद्रे असावीत की सर्वसाधारण केंद्रांतच आवश्यक सोयी असाव्यात, हा यातील मुख्य प्रश्न आहे.

== संज्ञा आणि व्याप्ती ==

अमेरिकेच्या इ.स. २००० च्या संघीय कायद्यानुसार विकासात्मक विकलांगता ही वयाच्या बावीस वर्षांपूर्वी प्रकट झालेली, बौद्धिक किंवा शारीरिक स्वरूपाची, तीव्र व दीर्घकालीन अवस्था होय. स्वतःची निगा, भाषा, शिकणे, हालचाल, स्वतःविषयीचे निर्णय, स्वतंत्र राहणी आणि आर्थिक स्वावलंबन या सात क्षेत्रांपैकी किमान तीन क्षेत्रांत तिच्यामुळे लक्षणीय मर्यादा येतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक व्यक्तींचा या वर्गात समावेश होतो. काहींना अपस्माराचाही त्रास असतो.

अटलांटिक महासागरातील हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. वादळाचा इशारा सामान्यतः काही दिवस आधी मिळतो. त्यामुळे भूकंपाच्या तुलनेत पूर्वतयारीस अवधी असतो. मात्र सूचना समजण्यास वेळ लागणाऱ्या किंवा नेहमीच्या दिनक्रमातील बदल सहन न होणाऱ्या व्यक्तीसाठी हा अवधीही अपुरा ठरू शकतो.

== निवारा केंद्रातील अडचणी ==

चक्रीवादळातील निवारा केंद्रे बहुधा शाळा, व्यायामशाळा किंवा सभागृहे यांत उघडली जातात. अल्पकालीन स्थलांतर केंद्रात प्रत्येकी सुमारे २० चौरस फूट जागा गृहीत धरण्याचा रेड क्रॉसचा प्रघात आहे. अशा दाटीत अखंड गोंगाट, रात्रभर चालू राहणारे दिवे आणि अनोळखी माणसांची वर्दळ असते. स्वमग्न व्यक्तीला हे असह्य होऊन ती ओरडू लागते, स्वतःला इजा करते किंवा केंद्राबाहेर निघून जाते. प्रशिक्षण नसलेले स्वयंसेवक अशा वर्तनाला उद्दामपणा समजतात आणि कुटुंबाला केंद्र सोडण्यास सांगितले जाण्याचा धोका उत्पन्न होतो. त्यामुळे काही कुटुंबे केंद्रात जाण्याऐवजी धोक्याच्या क्षेत्रातील घरातच थांबणे पत्करतात.

प्रकृतीशी संबंधित अडचणीही तितक्याच गंभीर असतात. अपस्मारावरील औषधाच्या काही मात्रा चुकल्या तरी झटके येऊ शकतात. गिळण्यास त्रास असलेल्या व्यक्तीला मऊ किंवा वाटलेले अन्न द्यावे लागते. केंद्रातील नेहमीचा कोरडा खाऊ तिच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. श्वसनयंत्र, कफ ओढण्याचे यंत्र, विजेवर चालणारी चाकांची खुर्ची आणि शब्द उच्चारून दाखवणारे संवादयंत्र यांसाठी वीज लागते. केंद्रात जनित्र असले तरी ते कोणत्या खोल्यांना वीज पुरवते, हे आधी तपासून ठेवावे लागते.

या सर्वांत ओळखीच्या मदतनीसाला विशेष महत्त्व आहे. न बोलणाऱ्या व्यक्तीची भूक, वेदना किंवा भीती खुणांवरून ओळखणारे माणूस बहुधा एखादेच असते. ते दुरावले की तिच्याविषयीची माहितीही नाहीशी होते. सामूहिक निवासात राहणाऱ्यांच्या बाबतीत मदतनीस हे पगारी कर्मचारी असतात आणि वादळात त्यांनाही स्वतःचे कुटुंब सांभाळायचे असते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही सोबत घेण्याची तरतूद काही योजनांत केली जाते.

== निवाऱ्याचे प्रकार ==

'''सर्वसाधारण केंद्र :''' हे सर्वांसाठी खुले असते. इ.स. १९९० चा अमेरिकन अपंगत्व कायदा आणि इ.स. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ यांमुळे शासकीय केंद्रांत विकलांगतेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. प्रशिक्षित साहाय्यक श्वानालाही आत घ्यावे लागते.

'''विशेष गरजांचे केंद्र :''' वैद्यकीय देखरेख लागणाऱ्यांसाठी काही राज्ये वेगळी केंद्रे चालवतात. फ्लोरिडात अशा केंद्रांची आणि पूर्वनोंदणीची तरतूद राज्याच्या कायद्यातच आहे. टेक्सासमध्येही राज्यस्तरीय नोंदणी चालते. नोंदणी ऐच्छिक असते. नाव नोंदवले म्हणजे वाहन दारात येईलच, अशी हमी तिच्यातून मिळत नाही.

'''आहे तेथेच थांबणे :''' इमारत भक्कम असेल आणि समुद्राच्या पाण्याचा धोका नसेल, तर परिचित जागेतच राहणे काहींना अधिक सुरक्षित असते. प्रवासातही जोखीम असते. हरिकेन रिटाच्या वेळी, २३ सप्टेंबर २००५ रोजी, वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणाऱ्या बसला डॅलसजवळ आग लागून २३ जणांचा मृत्यू झाला. मात्र प्रशासनाने स्थलांतराचा आदेश दिलेल्या क्षेत्रात थांबण्याचा पर्याय योग्य मानला जात नाही.

== धोरणाचा विकास ==

आपत्तीच्या नियोजनात विकलांग व्यक्तींचा विचार व्हावा यासाठी जुलै २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा कार्यकारी आदेश निघाला होता. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, २९ ऑगस्ट २००५ रोजी, हरिकेन कतरिना लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्समधील सुपरडोम या क्रीडागारात हजारो लोक अडकून पडले. तेथे विशेष गरजा असलेल्यांसाठी राखलेला भागही होता. वीज, पाणी, स्वच्छता आणि औषधे यांचा अभाव सर्वांनाच जाचला. पण परावलंबी व्यक्तींना तो अधिक घातक होता. पुढे लोकांना विविध राज्यांत हलवताना अनेक कुटुंबांची ताटातूट झाली.

या अनुभवानंतर इ.स. २००६ मध्ये आपत्ती व्यवस्थापन सुधारणा कायदा संमत झाला आणि संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेत (फेमा) अपंगत्वविषयक समन्वयकाचे पद निर्माण झाले. इ.स. २००७ मध्ये जून कायल्स आणि अलेक्झांड्रा एंडर्स यांनी 'विशेष गरजा' या ढोबळ शब्दाऐवजी कार्यात्मक गरजांची मांडणी पुढे आणली. संवाद, आरोग्य, स्वावलंबन, देखरेख आणि वाहतूक या पाच बाबतींत व्यक्तीला नेमके काय लागते, असा प्रश्न या मांडणीत विचारला जातो. नोव्हेंबर २०१० मध्ये फेमाने सर्वसाधारण केंद्रांतच या सेवा देण्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शांत खोली, चित्रांचे संवादफलक, सोप्या भाषेतील सूचना, उंची जुळवता येणारी खाट, पथ्याचे अन्न आणि वैयक्तिक मदतनीस ही अशा सोयींची उदाहरणे होत.

न्यायालयांनीही या विचाराला बळ दिले. हरिकेन आयरीननंतर, सप्टेंबर २०११ मध्ये, न्यूयॉर्क शहराविरुद्ध दावा दाखल झाला. तो प्रलंबित असतानाच ऑक्टोबर २०१२ मध्ये हरिकेन सँडीचा तडाखा बसला. नोव्हेंबर २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने शहराची आपत्ती योजना विकलांग रहिवाशांच्या गरजा पुरेशा भागवत नाही आणि त्यामुळे कायद्याचा भंग होतो, असा निर्णय दिला.

== वादळानंतरचा प्रश्न ==

निवारा केंद्र बंद झाल्यावर कुठे जायचे, हा प्रश्न विकासात्मक विकलांगता असलेल्यांपुढे अधिक बिकट असतो. घर पडले, रस्ता खचला किंवा मदतनीस दुसऱ्या गावी गेला, तर त्यांना तात्पुरते म्हणून शुश्रूषागृहात किंवा संस्थेत ठेवले जाते. तेथून परतण्यासाठी घर, मदतनीस आणि शासकीय मंजुरी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. परिणामी, वादळापूर्वी समाजात राहणारी व्यक्ती दीर्घकाळ संस्थेत अडकून पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अपंगत्व परिषदेने मे २०१९ मधील अहवालात याच प्रश्नाकडे लक्ष वेधले. समाजात राहणे शक्य व योग्य असताना व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात स्पष्ट केले होते. तो खटला बौद्धिक अक्षमता असलेल्या जॉर्जियातील दोन स्त्रियांसंबंधी होता.

== वैयक्तिक पूर्वतयारी ==

काही दिवसांची औषधे व चिठ्ठीची प्रत, निदान आणि संवादाच्या खुणा लिहिलेले एकपानी माहितीपत्रक, अलीकडचे छायाचित्र, कानांवरील ध्वनिरोधक आवरण, आवडती वस्तू आणि नेहमीचा खाऊ सोबत ठेवणे उपयुक्त ठरते. केंद्राची चित्रे आधी दाखवणे आणि हंगामापूर्वी निघण्याचा सराव करणे यामुळे प्रत्यक्ष प्रसंगीची भीती कमी होण्यास मदत होते. या तयारीत त्या व्यक्तीलाही सहभागी करून घेतले जाते.

== भारतातील समांतर तरतुदी ==

संयुक्त राष्ट्रांच्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम ११ नैसर्गिक आपत्तीत त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी राष्ट्रांवर टाकते. भारताने या कराराला इ.स. २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीतील समान संरक्षणाची तरतूद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने इ.स. २०१९ मध्ये दिव्यांगसमावेशक आपत्ती व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला तडाखा दिल्यामुळे कोकण किनारपट्टीच्या दृष्टीनेही या तरतुदी महत्त्वाच्या आहेत.