तापनखर्चाचे हिशेबपत्रक (जर्मनी)

तापनखर्चाचे हिशेबपत्रक (जर्मन: हाइत्सकोस्टेनआबरेखनुंग) हा जर्मनीतील बहुसदनिका इमारतींमध्ये दरवर्षी तयार होणारा दस्तऐवज आहे. एकाच बॉयलरमधून किंवा शहराच्या उष्णतावाहिनीतून पुरवलेल्या उष्णतेचा आणि गरम पाण्याचा खर्च रहिवाशांमध्ये कसा वाटला गेला, हे त्यात दाखवलेले असते. भाडेकरू वर्षभर दरमहा आगाऊ रक्कम भरतो. हिशेब झाल्यावर त्याला जादा भरलेली रक्कम परत मिळते किंवा तुटीची रक्कम भरावी लागते. ही तूट काही वेळा शेकडो युरोंची असल्याने या पत्रकावरून भाडेकरू आणि घरमालक यांच्यात वारंवार वाद होतात.

पार्श्वभूमी

१९७३ च्या तेलसंकटानंतर पश्चिम जर्मनीत ऊर्जाबचतीचे धोरण आखले गेले आणि १९७६ मध्ये ऊर्जाबचत कायदा संमत झाला. त्याच्या आधारे केलेला तापनखर्च नियम (हाइत्सकोस्टेनफेरओर्डनुंग) १ मार्च १९८१ पासून लागू झाला. वापर कितीही असला तरी सर्वांनी क्षेत्रफळानुसार सारखा भार उचलला, तर काटकसर करण्याचे कारण उरत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. त्यामुळे खर्चाचा मोठा भाग प्रत्यक्ष वापराशी जोडणे बंधनकारक झाले. नियमातील तरतुदी भाडेकरारातील विसंगत अटींपेक्षा वरचढ ठरतात. घरमालक स्वतः राहत असलेल्या दोन सदनिकांच्या घरात मात्र वेगळा करार करता येतो.

वाटपाची पद्धत

नियमानुसार खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग मोजलेल्या वापरानुसार वाटला जातो. उरलेला भाग क्षेत्रफळ किंवा घनफळ यांच्या प्रमाणात आकारतात. बॉयलर चालू ठेवण्याचा आणि नळांतून वाया जाणाऱ्या उष्णतेचा खर्च कोणाच्याही एकट्याच्या वापरावर अवलंबून नसतो, म्हणून हा स्थिर भाग ठेवलेला आहे.

बहुतेक जुन्या इमारतींत प्रत्येक रेडिएटरवर एक लहान उपकरण बसवलेले असते. त्याला वाटपमापक म्हणता येईल. ते उष्णता किलोवॉट-तासांत मोजत नाही. रेडिएटर किती काळ व किती तापला यावरून ते केवळ एकके नोंदवते. रेडिएटरचा आकार आणि प्रकार लक्षात घेऊन या एककांना एक गुणक लावला जातो. म्हणून एका सदनिकेच्या एककांना स्वतंत्र अर्थ नसतो. संपूर्ण इमारतीच्या एककांशी तुलना केल्यावरच त्यांचे मूल्य ठरते.

उदाहरणार्थ, ८०० चौरस मीटरच्या इमारतीचा वार्षिक खर्च १६,००० युरो असून त्यातील ७० टक्के वापरानुसार वाटायचे आहेत, असे मानू. इमारतीची एकूण २०,००० एकके भरली, तर एका एककाचा दर ०.५६ युरो येतो. ८० चौरस मीटरच्या सदनिकेत १,५०० एकके नोंदली गेल्यास वापराचे ८४० आणि क्षेत्रफळाचे ४८० मिळून १,३२० युरो होतात. गुणक चुकून दुप्पट लावला गेला, तर त्याच सदनिकेची एकके ३,००० दिसतात आणि तिचा वाटा सुमारे २,०४३ युरोंवर जातो. इमारतीचा एकूण खर्च तेवढाच राहतो आणि शेजाऱ्यांचे देणे मात्र कमी होते. त्यामुळे अशी चूक बेरजेत पकडली जात नाही.

खर्चाच्या बाबी

इंधन, यंत्रणेला लागणारी वीज, देखरेख व नियमित देखभाल, उत्सर्जनाची मोजणी, मापकांचे भाडे आणि हिशेब करण्याचे शुल्क या बाबी पत्रकात धरता येतात. बॉयलरची दुरुस्ती किंवा नवे भाग बसवणे हा घरमालकाचा खर्च असतो. तो देखभालीच्या नावाखाली समाविष्ट झाल्यास भाडेकरूला हरकत घेता येते.

१ जानेवारी २०२३ पासून इंधनावरील कार्बन डायऑक्साइडच्या शुल्काचीही विभागणी होते. निवासी इमारतींसाठी दहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. वर्षाला प्रति चौरस मीटर १२ किलोग्रॅमपेक्षा कमी उत्सर्जन असल्यास सर्व शुल्क भाडेकरू भरतो, तर ५२ किलोग्रॅम किंवा अधिक असल्यास ९५ टक्के शुल्क घरमालकावर पडते.

मुदती

नागरी संहितेच्या कलम ५५६ नुसार हिशेबाचा काळ संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत पत्रक भाडेकरूच्या हाती पडले पाहिजे. त्यानंतर घरमालकाला तुटीची रक्कम मागता येत नाही. विलंबास तो जबाबदार नसल्यास मात्र अपवाद होतो. मुदत उलटली तरी भाडेकरूचा जादा रक्कम परत मिळण्याचा हक्क कायम राहतो. पत्रक मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत भाडेकरूने हरकत नोंदवावी लागते. केवळ रक्कम भरल्यामुळे हा हक्क नष्ट होत नाही.

हरकतीची कारणे

पत्रकात एकूण खर्च, वाटपाची पद्धत व तिचे स्पष्टीकरण, भाडेकरूच्या वाट्याची आकडेमोड आणि आगाऊ रकमेची वजावट या चार गोष्टी असणे आवश्यक असते. त्यांपैकी एखादी नसल्यास पत्रक स्वरूपतः सदोष ठरते आणि त्यावर आधारलेली मागणी देय होत नाही. आकडा, क्षेत्रफळ किंवा गुणक चुकलेला असल्यास दोष आशयाचा मानला जातो. अशा वेळी पत्रक रद्द न होता दुरुस्त केले जाते.

मापक बंद पडल्यास किंवा नोंद घेता न आल्यास पूर्वीच्या तुलनीय काळावरून, तशाच इतर खोल्यांवरून किंवा इमारतीच्या सरासरीवरून अंदाज बांधण्याची मुभा आहे. परंतु अशा अंदाजाखाली एकूण क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांहून अधिक भाग येत असेल, तर सर्व खर्च केवळ स्थिर निकषावर वाटावा लागतो.

खर्च वापरानुसार वाटलाच नसेल, तर भाडेकरूला आपल्या वाट्यातून १५ टक्के कपात करता येते. २०२१ च्या दुरुस्तीने दूरवाचनक्षम मापक आणि मासिक वापराची माहिती यांविषयीची कर्तव्ये नियमात आली. ती पाळली न गेल्यास ३ टक्के कपातीचा हक्क मिळतो. जुने मापक ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दूरवाचनक्षम करणे बंधनकारक आहे.

कागदपत्रे पाहण्याचा हक्क

इंधनाची देयके, देखभालीचे करार आणि मापकांच्या नोंदी पाहण्याचा हक्क भाडेकरूला आहे. १ जानेवारी २०२५ पासून घरमालक ही कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही उपलब्ध करून देऊ शकतो.

या हक्काची व्याप्ती सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने स्पष्ट झाली. त्या प्रकरणातील सदनिकेचे क्षेत्रफळ इमारतीच्या सुमारे एक अष्टमांश होते, परंतु तिच्या नावावर इमारतीच्या मोजलेल्या वापरापैकी ४० टक्क्यांहून अधिक वापर दाखवला गेला होता आणि ५,००० युरोंहून अधिक रक्कम मागितली गेली होती. भाडेकरूंनी इतर सदनिकांच्या नोंदी मागितल्या, पण घरमालकाने त्या दिल्या नाहीत. खर्चाची नोंद व वाटप योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणी करणाऱ्या घरमालकाची आहे, असे न्यायालयाने ठरवले. इतर रहिवाशांच्या नोंदी पाहण्यासाठी भाडेकरूला विशेष कारण द्यावे लागत नाही आणि त्या नाकारल्या जात असेपर्यंत तुटीची रक्कम देण्याचे बंधनही त्याच्यावर राहत नाही. वाटप सापेक्ष असल्याने शेजाऱ्यांच्या आकड्यांशिवाय स्वतःचा आकडा तपासता येत नाही, ही अडचण या निकालाने दूर केली.

वाद सोडवण्याची प्रक्रिया

हरकतीसाठी विशिष्ट नमुना ठरलेला नाही. तथापि, कोणती बाब का चुकीची वाटते हे तिच्यात नेमकेपणाने सांगावे लागते. खर्च फार वाटतो, एवढे म्हणणे पुरेसे नसते. पुरावा राहावा म्हणून हरकत लेखी दिली जाते. भाडेकरू संघटना आणि ग्राहक सल्लाकेंद्रे पत्रके तपासून देतात. तडजोड न झाल्यास निवासी भाड्याचे वाद स्थानिक न्यायालयात (आम्ट्सगेरिष्ट) चालतात.

सदनिकेच्या मालकांची स्थिती वेगळी असते. त्यांच्या वार्षिक हिशेबावर मालकसभेत ठराव होतो. तो मान्य नसल्यास एका महिन्याच्या आत न्यायालयात आव्हान द्यावे लागते. १५ टक्के कपातीचा हक्क मालकाला मालकसंघाविरुद्ध वापरता येत नाही.

टीका

मापक बसवणाऱ्या आणि हिशेब करणाऱ्या कंपन्यांची निवड घरमालक करतो, परंतु त्यांचे शुल्क मुख्यतः भाडेकरूंवर पडते. संघीय स्पर्धा कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या बाजारात पुरेशी स्पर्धा नसल्याचा निष्कर्ष काढला होता. उघड्या, आवरण नसलेल्या नळांतून मिळणारी उष्णता मापकांवर नीट नोंदली जात नाही, हाही एक आक्षेप आहे. अशा इमारतींत वापराची एकूण नोंद कमी भरून एका एककाचा दर फुगतो आणि रेडिएटर अधिक वापरणाऱ्या मोजक्या सदनिकांवर खर्चाचा मोठा भार पडतो.

हेही पहा

• मध्यवर्ती तापनव्यवस्था
• जर्मनीतील भाडेकरू कायदा
• ऊर्जा संवर्धन