जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स : उघडण्याआधी काय तपासावे?

ऑटोमॅटिक गाडी जुनी झाली आणि झटके देऊ लागली, की गॅरेजमधून बहुधा एकच सल्ला मिळतो : गिअरबॉक्स उघडावा लागेल. हा खर्च कित्येकदा गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करतो. होकार देण्यापूर्वी दोष खरोखर आत आहे का, याची खात्री करणे मालकाच्या हिताचे असते.

प्रथम यंत्रणा ओळखावी. २०१४ साली सेलेरिओतून भारतात आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच होय. तिथे संशय क्लचप्लेटवर वा ती हलवणाऱ्या यंत्रावर घ्यावा. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक गिअरबॉक्सचे आहे. त्यात सारे काम ऑइलच्या दाबावर चालते. त्यामुळे निदानही ऑइलपासूनच सुरू होते.

डिपस्टिक असल्यास गाडी सपाट जागी उभी करून, ऑइल गरम असताना पातळी पाहावी. इंजिन चालू ठेवायचे की बंद, हे कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. ताजे ऑइल बहुधा लालसर असते. केवळ तपकिरी छटा म्हणजे वय. करपट वास आणि काळेपणा म्हणजे आतील क्लच झिजल्याची खूण. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर गाडी चालवूच नये : रेडिएटरमधील कूलर फुटून पाणी ऑइलमध्ये शिरलेले असण्याची दाट शक्यता असते. पातळी कमी असेल, तर गळती शोधल्याविना नुसती भर घालणे व्यर्थ.

यानंतर लक्षण केव्हा दिसते, हे टिपून ठेवावे. मेकॅनिकला याचा उपयोग स्कॅनरइतकाच होतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत 'डी' टाकल्यावर ती दोन-तीन सेकंद हलत नसेल, तर ऑइलची पातळी, फिल्टर किंवा कडक झालेली सील यांचा विचार करावा. चोर्ला घाट चढताना ऑइल तापल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे लक्षण. सपाट रस्त्यावर स्थिर वेगात खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच तपासावा. 'डी' किंवा 'आर' टाकताच बसणारा धक्का मात्र पुष्कळदा इंजिनाच्या फाटलेल्या माउंटिंगचा असतो, आणि ते बदलणे तुलनेने स्वस्त पडते.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर संगणकाने संरक्षणासाठी तसे केलेले असू शकते. स्कॅनरवरील पी०७०० हा संकेत केवळ 'गिअरबॉक्सच्या संगणकाने दोष नोंदवला आहे' एवढेच सांगतो. सोबतचा दुसरा संकेत वाचल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. सोलेनॉइड, वायरिंग किंवा सेन्सर यांचे दोष बहुधा गिअरबॉक्स न उतरवता दूर होतात.

ऑइलपॅन काढल्यास चुंबकावरील बारीक करडा लेप स्वाभाविक मानावा. चमकणारे धातूचे तुकडे आढळले, तर गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला रास्त ठरतो.