गांवाचें नांव आणि गांवकऱ्यांचा उच्चार

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या निबंधांत ‘नर्सी’ असा शब्द आमच्या पाहण्यांत आला. संतचरित्रांतून ‘नरसी’ असें वाचण्याची संवय जडलेल्या आमच्या डोळ्यांस तो खुपला. आम्ही लाल शाईनें त्याचा रफार खोडिला आणि शेजारीं ‘नरसी’ असें लिहिलें. वही परत घेतांना तो मुलगा नम्रपणें म्हणाला, “सर, माझें गांवच आहे तें.” या एका वाक्यानें आम्हांस जो विचार करावयास लाविलें, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या परिसरांतील नरसी नामदेव हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानिलें जातें. नामदेवांचा काळ सामान्यतः इ. स. १२७० ते १३५० असा धरितात. एवढ्या थोर पुरुषाच्या गांवाचें नांव ‘शुद्ध’ असावें, असें आम्हांस वाटलें यांत नवल नाहीं. परंतु शुद्ध म्हणजे काय?

मराठींत शब्दाच्या मध्यावरील अकार बोलतांना पुष्कळदा लोपतो. आपण ‘परळी’ लिहितों आणि ‘पर्ळी’ म्हणतों. ‘बरणी’ लिहितों आणि ‘बर्णी’ म्हणतों. ‘नर्सी’ हा उच्चार याच नियमास धरून आहे. त्यांत गांवंढळपणा कांहीं नाहीं. उलट अभंगांत अक्षरें मोजावीं लागतात. म्हणून टाळमृदंगाच्या साथींत तोच लोपलेला अकार परत येतो आणि ‘न-र-सी’ अशीं तिन्ही अक्षरें ऐकूं येतात. बाजारांत दोन अक्षरें आणि भजनांत तीन, असा हा एकाच नांवाचा दुहेरी संसार आहे. मूळ शब्द बहुधा नृसिंहावरून आला असावा. गुजराती संतकवि नरसिंह मेहता हे लोकांच्या तोंडीं ‘नरसी मेहता’ झाले, हें वाचकांस ठाऊक आहेच.

लिपीच्या बाबतींतही हीच गोष्ट. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि सरकारी कारभार उर्दूंत चाले. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. त्यामुळें कागदावर न, र, स आणि शेवटचा ईकार एवढेंच उमटे. गांवाची माहिती नसलेल्या कारकुनास खरा उच्चार हवा असल्यास तो गांवकऱ्याच्या तोंडूनच ऐकावा लागे. कागद हा येथें साक्षीदार होऊं शकत नव्हता. साक्ष होती ती जिभेची.

आतां नांवाच्या दुसऱ्या पदाकडे वळूं. परंपरेंत नामदेवांच्या गांवाचा उल्लेख ‘नरसी बामणी’ असा येतो. आज ‘बामणी’च्या जागीं ‘नामदेव’ आहे. सारख्या नांवाच्या गांवांस ओळखीकरितां दुसरें पद जोडण्याची रीत जुनीच. पुण्याकडे ‘आळंदी देवाची’ आणि ‘आळंदी म्हातोबाची’ अशी षष्ठी लावितात. मराठवाड्यांत मात्र ‘परळी वैजनाथ’, ‘औंढा नागनाथ’ अशीं नांवें प्रत्ययावांचून जोडितात. या पंक्तींत ‘नरसी नामदेव’ ठेवून पाहावें. पहिलीं दोन नांवें ज्योतिर्लिंगांचीं. तिसरें एका शिंप्याच्या मुलाचें!

औंढ्याच्या मंदिरासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांस मागील बाजूस जावयास लाविलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. ती इतिहास म्हणून सांगतां येणार नाहीं. परंतु देवळापुढून ज्यास उठविलें म्हणतात, त्याचें नांव आज त्याच जिल्ह्यांत नागनाथाच्या बरोबरीनें गांवाच्या नांवास जोडलेलें आहे, हें मात्र प्रत्यक्ष आहे.

जन्मस्थानाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य होय. कित्येक अभ्यासक कऱ्हाडच्या बाजूस कृष्णाकांठच्या नरसिंहपुराकडे बोट दाखवितात, तर कित्येक पंढरपुराकडे. नामसादृश्यावरून एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. गांवानें संताचें नांव धारण केलें एवढ्यानें जन्म सिद्ध होत नाहीं. मात्र त्यावरून त्या गांवाची निष्ठा निःसंशय सिद्ध होते, आणि निष्ठा ही देखील इतिहासाची वस्तु आहे.

या निष्ठेस उच्चाराची अडचण कधीं पडली नाहीं. गुरु ग्रंथ साहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत आणि तेथें त्यांचें नांव ‘नामदेउ’ असेंही येतें. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान हें गांव नामदेवांच्या वास्तव्यानें पावन झालें असें पंजाबी भक्त मानितात. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथें भरलें. ‘नामदेउ’ हें रूप अशुद्ध आहे असें म्हणून तें खोडण्याचें कोणा मराठी साहित्यिकाच्या स्वप्नांतही आलें नसेल.

मग जी सवलत आपण दूरच्या पंजाबास आनंदानें देतों, ती खुद्द नर्सीच्या मुलास कां नाकारावी? ग्रंथांत ‘नरसी’ खुशाल राहूं द्यावें. परंतु गांवकरी जें बोलतो व लिहितो त्यास चूक म्हणूं नये. त्या मुलाच्या वहींतील आमची लाल खूण मात्र आतां पुसतां येत नाहीं. तिची दुरुस्ती म्हणून हा लेख.